अख्खी गोळी

ता. ६ फेब्रुवारी

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पुन्हा तुमचं तेच! गेल्या खेपेलाही ओरडलो होतो की औषधात काटकसर नको, आणि तुम्ही लिहिलंत, सगळं ठीक. आता आत्याचं पत्र आलं. म्हणते, तुझा बाप ब्लडप्रेशरची गोळी कात्रीने अर्धी करून घेतो, आणि वर मिशी पिळत सांगतो, जन्मभर कापड बेतलं, गोळी काय चीज आहे! परवा काजं करताना भोवळ येऊन मशीनवरच कलंडलात म्हणे. हे मला का नाही कळवलंत?

इथे लाँड्रीच्या कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. तिथल्या बाईंना तुमच्या गोळीचं नाव दाखवलं. त्या म्हणाल्या, ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी म्हणून तशी केलेली असते. कापली की औषध एकदम अंगात उतरतं आणि लवकर संपूनही जातं. म्हणजे तुम्ही वाचवत नव्हता, वाया घालवत होता. पैसेच वाचवायचे तर हेच औषध कंपनीच्या नावाशिवाय, साध्या नावाने पाव किमतीत मिळतं. डॉक्टरांना विचारा, त्यांनी लिहून दिलं तरच घ्या. लाजू नका. तुम्ही नाही का गिऱ्हाइकाला स्वस्तातलं अस्तर सुचवत?

माझं बरं चाललंय. दिवसभर हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करतो. खोलीत आम्ही चौघं, पण पाळ्या वेगळ्या. एकमेकांची पांघरुणं ओळखतो, तोंडं नाही.

चारशे पाठवतोय. गोळी अख्खी घ्या, आणि रागावलो तरी माया असू द्या.

तुमचा,
बारक्या

ता. २० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आत्या म्हणजे बिनपगारी वार्ताहर. पण डॉक्टरांकडे गेलो. कात्रीचं ऐकून ते आधी हसले, मग असे भडकले की बाहेरचे पेशंटही चिडीचूप. साध्या नावाचं औषध लिहून दिलं. महिन्याचं शंभरात आलं. रंग वेगळा, वेष्टण पातळ, मला भरवसाच वाटेना. पण आठ दिवसांनी बोलावून त्यांनी प्रेशर मोजलं. जागेवर आहे. कात्री आता फक्त कापडाला.

तू विचारशील, चारशे येत असताना कापलं कशाला? अरे, तुझ्या पायाला भिंगरी. आधी बेकरी, मग गोदाम, आता लाँड्री. नोकरी सुटली की पैसे थांबतात, म्हणून मी आधीच पुरवून ठेवत होतो. त्याबद्दल रुसवा नाही. पण पैसे थांबले की तुझं पत्रही थांबतं. रिकाम्या हाताने लिहायला तुला लाज वाटते, एवढं बाप ओळखतो. गोदाम सुटलं तेव्हा किती दिवस पोस्टमन दारावरून तसाच पुढे जायचा, आणि मी मशीन थांबवून कान देऊन बसायचो. आता औषध स्वस्त झालं, तर दरमहा लिहायचं तुझं निमित्तही जाईल की काय, असं दुकानात सुटे परत घेताना मनात आलं. महाग होतं तेच बरं होतं, असंही वाटून गेलं. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय!

जेवणाची आबाळ करू नको. आठवण येईल तेव्हा कळव, नाही आली तरी कळव.

बाबा

ता. १४ मार्च

ती. बाबांना,
साष्टांग नमस्कार.

लाँड्री सुटली. करपलेल्या चादरीचे पैसे मुकादमाने माझ्या पगारातून कापले. ती मी करपवली नव्हती. मी बोललो, त्याने दार दाखवलं. तुम्ही म्हणाल, तोंड आवरायचंस. नाही आवरलं.

भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय. सकाळी कामावर जाणाऱ्यांबरोबर मीही बाहेर पडतो, नाहीतर खोली खायला उठते. काल कुणाशी तरी बोलावं म्हणून त्या औषधवाल्या बाईंकडे जाऊन खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. खोकला नाहीये. त्यांनी तुमचं प्रेशर कसं आहे विचारलं. इथे माझ्या माणसाची चौकशी कुणी पहिल्यांदाच केली. जागेवर आहे म्हणालो.

तुमच्याकडे तीनशे उरले असतील. त्यात तीन महिने निघतील. पुरवायला जाऊ नका, रोज अख्खीच घ्या. तोवर मला काहीतरी मिळेल. लाज वाटतेय लिहायला, पण तुमचं पत्र वाचल्यावर न लिहिणंही जमेना. आहे तसा तुमचाच समजा.

बारक्या

या खेपेला पाठवतोय: शून्य.