तळं उघडलं नाही

मावशीच्या घरून,
शनिवार, सव्वीस ऑगस्ट, सकाळ

प्रिय मार्लिस,

अक्षर ओळखून पत्र फाडशील, म्हणून सुरुवातीलाच सांगतो: हे प्रेमपत्र नाही. तसली तीन लिहून झाली, तिन्ही डुलूथला माझ्या पिशवीत पडून आहेत.

तुझ्या आजीचे गुडघे कसे आहेत? मावशीने तिच्यासाठी अस्वलाची चरबी दिलीय, पत्राबरोबर ठेवतोय. मी बरा आहे. छपरांचं काम मिळालं, मान उन्हाने रापलीय. एकदा मुकादमाला कौलांवरच्या शेवाळाचं नाव सांगितलं, तेव्हापासून तो मला 'प्रोफेसर' म्हणतो. दोन वर्षांच्या कॉलेजचा अजून तरी एवढाच उपयोग झालाय.

काल मी तळ्यावर आलो होतो. तू पाहिलं नाहीस. मी मावशीच्या ट्रकमागे उभा होतो.

भात झोडायच्या पहिल्या दिवशी दरवर्षी असतं तसंच सगळं. होड्या काठाला ओळीने, कुत्री, तळलेल्या भाकऱ्यांचा वास, आणि सगळ्यांच्या माना पाण्याकडे. भाताचा राखणदार म्हणून ऑगीमामा एकटाच होडीने आत गेलेला. तो पाहून येईपर्यंत आणि 'जा' म्हणेपर्यंत कुणी होडी पाण्यात घालत नाही. मागच्या वर्षी त्याने परतताना टोपी हवेत उडवली होती, आठवतं? काल टोपी डोक्यावरच राहिली. होडी काठाला लागली, तो उतरला आणि म्हणाला, "घरी जा. झोडायला काही नाही."

मी हसलो. वाटलं, म्हातारा यंदा नवी थट्टा करतोय. मग ट्रकवर चढून पाहिलं.

पाणी. पलीकडच्या काठापर्यंत नुसतं पाणी. जिथे पाण्यात उगवलेल्या रानभातात शिरलं की शेजारच्या होडीतला माणूस दिसत नाही, फक्त भात झोडणाऱ्या काठ्यांचा आवाज येतो, तिथे मधोमध एक बदक बसलं होतं आणि मला त्याचे पायसुद्धा दिसतील असं वाटलं. माझे कान बंद झाले. मावशी काहीतरी बोलत होती, तिचे ओठ हलत होते एवढंच कळलं.

तुझी आजी गाडीतून उतरलीच नाही. तिच्या मांडीवर झोडायच्या काठ्या होत्या, देवदाराच्या, मुठीपाशी झिजलेल्या.

आवाज ऐकू यायला लागले तेव्हा लोक कारण शोधत होते. कुणी पावसावर घातलं, कुणी रस्त्याखालच्या मोरीवर. मग कुणीतरी म्हणालं, वरच्या ओढ्यावर बीव्हर प्राण्यांनी ओंडक्यांचा रचलेला बांध फुटलाय, आणि तिथे आपल्या वर्गातल्या कर्टिसच्या मोजमापाच्या खुंट्या आहेत, फिती आहेत. त्याच्याच अभ्यासापायी फोडला असणार. तू हाताची घडी घालून म्हणालीस, "त्याने नाही." कुणी ऐकलं नाही. गुरुवारी भाताची समिती बसणार आहे. कर्टिसला वरच्या ओढ्यावर बंदी येईल, कदाचित कॉलेजही सुटेल, असं मावशी म्हणाली.

हे पुढचं लिहायचं म्हणून मी तीनदा कॉफी केली.

जूनमधला तो दिवस. कॉलेजच्या डेनोमीबाई आपल्या वर्गाला भाताची रोपं मोजायला घेऊन गेल्या होत्या, एका होडीत दोघं. तुझी होडी मीच ढकलणार, हे मी मनात कधीपासून धरून बसलो होतो. तू कर्टिसच्या होडीत बसलीस. मी विचारलं तर म्हणालीस, "वेलन, तू होडीत भांडतोस. मोजणी चुकते." सगळे हसले. तूही. मी दांडा काठावर फेकला. बाई मागून हाक मारत होत्या, "अरे, आजचं तरी ऐकून जा." नाही ऐकलं.

तिथून मी सरळ कर्टिस मोजत होता त्या बीव्हरांच्या बांधावर गेलो. त्याचे आकडे बिघडवायचे, एवढंच डोक्यात होतं, शप्पथ. ऑगीमामाच्या ट्रकमधला आकडीचा दांडा घेतला आणि दुपारपासून चारपर्यंत ओंडके उपसले. मधला भाग सुटला तेव्हा पाणी तळ्याकडे असं गरजत गेलं की मी ओरडलो. आनंदाने ओरडलो, मार्लिस. ते लपवत नाही. संध्याकाळच्या बसने डुलूथ गाठलं.

बाईंनी त्या दिवशी काय शिकवलं, ते काल त्याच वर्गातल्या मावसबहिणीच्या वहीत वाचलं. जूनमध्ये भाताचं पान पाण्यावर आडवं तरंगत असतं, मुळं चिखलात जेमतेम बोटभर. पाणी अचानक चढलं की पान वर ओढलं जातं आणि पानामागून मूळ.

उभ्यानेच वाचलं. मग बसलो. सातव्या वर्षापासून मी भात झोडतोय, आणि मला तो फक्त ऑगस्टमध्ये ओळखता येतो. जूनमध्ये मी कधी पाण्याकडे पाहिलंच नाही. तुझ्याकडे पाहत होतो.

काल दुपारीच तंबाखू घेऊन ऑगीमामाकडे गेलो. त्याने ती हातात घेतली, म्हणजे ऐकणं आलंच. जाळं विणत होता, विणतच राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "मला सांगितलंस ते सोपं. म्हाताऱ्याला राग फार वेळ धरवत नाही. आधी त्या पोरीला सांग. मग गुरुवारी सगळ्यांसमोर, कर्टिसच्या शेजारी उभा राहून."

मी विचारलं, भात परत येईल का?

"चिखलात जुनं बी असतं. ते आपल्याला विचारून उगवत नाही." मग त्याने माझ्याच तंबाखूतली अर्धी माझ्या तळहातावर परत ठेवली. "ही तळ्याला दे. गुरुवारनंतर. आधी दिलीस तर तळं घेणार नाही."

म्हणून हे पत्र. गुरुवारी मी येतोय. माझ्या बाजूने बोलू नकोस, बोलणार नाहीसच म्हणा. कर्टिसला मी त्याआधी स्वतः भेटेन. त्याने मारलं तर हात उचलणार नाही. दुसऱ्यांदा मारलं तर काय करीन, ते मात्र आज लिहून देत नाही. तू मला ओळखतेस.

एकच मागतो. आजीला तू सांगू नकोस, ते माझ्या तोंडून जाऊ दे. ती गाडीतून उतरली नाही तरी चालेल. मी काचेपाशी उभा राहीन, ती काच खाली करेपर्यंत.

अर्धी तंबाखू खिशात आहे.

बांध फोडणारा,
वेलन