नांद्याच्या प्लॉटमधली रेघ

५ जून
सरांनी सकाळी नांदे गावातल्या जमिनीची मोजणी शीट टेबलावर टाकली. "मॅडम, याचे दोन करा. मधून रस्ता." का, ते विचारलं नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात चौदा वर्षं ड्रॉइंग करतेय, एवढं कळतं. जमीन ठरावीक मापाच्या वर गेली की बिल्डरला पाचातलं एक घर सरकारी लॉटरीसाठी स्वस्तात द्यावं लागतं. तिचे दोन तुकडे केले, दोन्ही मापाच्या जरा खाली बसवले, एक बिल्डर शेठच्या नावावर, एक त्यांच्या बायकोच्या, की द्यावं लागत नाही. डबा खायच्या आत झालं. सर खूश. मीही खूश होते, खोटं कशाला लिहू.

६ जून
काल जे लिहायचं टाळलं ते.
शीटच्या उत्तरेच्या कडेला मधोमध पत्र्याची शेड दाखवलीय, शेजारी शेळ्यांचा गोठा. ती सुरेखाताईंची. आमच्याकडे चार वर्षं पोळ्या करतात. नवरा पिरंगुटला कंपनीत कंत्राटावर, सासरे शेळ्या राखतात. जमीन चुलतसासऱ्यांची, त्यांनी शेठला दिली. पाडायचं बांधकाम नकाशात पिवळं दाखवतात. शेड मीच पिवळी केली. ओळखली होती, तरी केली. हात थांबला वगैरे काही नाही.

९ जून
लॉटरीची जाहिरात आली. सु. पोळ्या उरकून कागदांची पिशवी घेऊन बसल्या. सलग चौथं वर्ष.
"वैनी, फारम तुमीच भरा. तुमचा नंबर पयल्या झटक्यात लागला. तुमचा हात चांगला हाय."
हे त्यांनी सगळ्या आळीला सांगितलंय. गेल्या वर्षी त्यांच्या दोन जावाही आल्या होत्या माझ्याकडून भरून घ्यायला. माझा नंबर लागला हे खरं. हे घर त्याच लॉटरीतलं. टॉवरच्या मागे, कचऱ्याच्या खोलीशेजारी, आम्हाला गेटही मागचं. तरी पहिल्या दिवशी इथे फरशीवर आडवी पडून रडले होते. परभणीहून येऊन अकरा वर्षांत सात भाड्याच्या खोल्या बदलल्या होत्या.
ते पाचातलं एक घर कुणीतरी नकाशात ठेवलं होतं म्हणून मला मिळालं. कुणातरी ड्रॉइंगवाल्याने ते नीट दाखवलं होतं.

१० जून
फॉर्म भरताना प्रकल्पांची यादी उघडली. आपल्या बाजूचा एकच, तोही गेल्या वर्षी कुणी न घेतलेल्या घरांचा. सु. वाकून बघत होत्या.
"आन् नांदं?"
"नाही दिसत."
"नांद्यात तर चारी बाजूनं बिल्डिंगा हुत्यात. मंग यादीत न्हाई कसं?"
"बघू, पुढच्या वर्षी."
मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाले मी हे. त्यांनी मान हलवली. बोटाला पीठ होतं, पिशवीला लागलं, ते पदराने पुसलं.
दरवर्षी यादी आटत चाललीय. पेपरवाले लिहितात, स्वस्त घरांबाबत विकासक उदासीन. उदासीन कसले, एवढ्या हुशारीने कामाला लागलेली माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. गेल्या दोन वर्षांत आमच्याच ऑफिसातून असे तीन प्लॉट कापून गेले. तिन्ही मी कापले.

१४ जून
नवऱ्याला, नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी आहे. तू नाही काढलंस तर दुसरं कुणी काढेल." मग टीव्हीकडे बघत, "आणि नियमात बसतंय ना?" बसतंय. बसवायचाच पगार मिळतो मला.
रागावणार होते त्याच्यावर. पण तो बोलला ते मी आधीच मनात बोलून बघितलं होतं.

२१ जून
साइटवर गेलो, रस्त्याची रुंदी जागेवर तपासायला. सु. चे सासरे बाहेरच होते. पाणी दिलं. सरांनी टेप धरला आणि मी आकडे घेतले. म्हातारा मागून मागून येत होता.
"ह्यो रस्ता कुटनं जानार, बाई?"
हाताने दाखवलं. त्यांनी हाताच्या रोखाने बघितलं, नजर त्यांच्याच दारापर्यंत गेली.
"मंग आमी कुटं?"
सर म्हणाले, "होईल काहीतरी, बाबा."
बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "सून म्हनती, तुमी घरच्यावानी हायत. मंग आमाला काळजी न्हाई."
गाडीत सर म्हणाले, बरी माणसं आहेत, त्रास नाही देणार.

२ जुलै
सु. बचत गटाच्या मीटिंगमधून काहीतरी ऐकून आल्या. मोठ्या बिल्डिंगीत गरिबाची घरं ठेवायचा कायदा आहे म्हणे. माहितीच्या अधिकारात विचारता येतं म्हणे. "अर्ज तुमी ल्ह्या, वैनी. तुमाला त्यातलं कळतंय."
नाही म्हणायला तोंड नव्हतं. उद्या लिहिते म्हणाले.

३ जुलै
लिहिला.
काय विचारायला हवं ते मला जितकं माहीत आहे तितकं या तालुक्यात कुणाला नसेल: या गट नंबरच्या जमिनीची विभागणी कधी झाली, कुणाच्या नावे, दोन्हीचा मालक प्रत्यक्षात एकच का, दोन्ही नकाशे कोणत्या ऑफिसात कोणी तयार केले. चार प्रश्न. फाईल अजून मंजूर नाही, आत्ता विचारलं तर ती अडकेल. पुन्हा एक प्लॉट करावा लागेल. शेड तशीही जाईलच, पण पाचातलं एक घर नांद्यात येईल.
मी लिहिलं: "सदर गटामध्ये लॉटरीसाठी किती घरे मंजूर आहेत?"
याचं उत्तर एकच येऊ शकतं. मला ते लिहिण्याआधी माहीत होतं.
सु. नी सही केली. एकेक अक्षर सुटं काढून, जीभ दाताखाली धरून. वाचून दाखवू का विचारलं. "नगं. तुमी लिवलंय मंजी बरोबरच आसंल." अर्जाला लावायचं दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट त्यांनी घरूनच आणलं होतं, ओलं होऊ नये म्हणून औषधाच्या पाकिटात घालून. शेवग्याच्या शेंगाही आणल्या. आमटीत घातल्या. नितीनने दोनदा घेतली.

२० जुलै
आज सांगायचंच असं ठरवून ओट्यापाशी गेले.
"सुरेखाताई, एक सांगायचं होतं."
"सांगा की." पोळी उलटत.
"उद्यापासून दोन पोळ्या कमी करा. नितीन रात्री भात खातो हल्ली."
"बरं."
इतकी भित्री मी कधीपासून झाले? परभणीत वडिलांना तोंडावर सांगून आले होते, की शेतीतलं काही नको, शिकायचंय. तेव्हा गमावण्यासारखं काही नव्हतं, हे कारण असावं. आता घर आहे, हप्ता आहे, नोकरी आहे.

२९ जुलै
सर म्हणाले, नांद्याची फाईल पुढच्या महिन्याअखेर मंजूर. पेढे आत्ताच आणले. खाल्ला.

४ ऑगस्ट
उत्तर आलं. सु. पाकीट न फोडता घेऊन आल्या, तुमच्या हातानं फोडा म्हणाल्या. एका ओळीचं. मंजूर घरे: निरंक.
"मंजी?"
"म्हणजे काही नाहीत."
त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. "आन् खाली बारीक काय लिवलंय?"
खाली लिहिलं होतं, उत्तराने समाधान न झाल्यास तीस दिवसांत अपील करता येईल, अमुक अधिकाऱ्याकडे.
"ते सगळ्यांनाच लिहितात," म्हणाले.
त्या उठल्या, कणीक मळायला घेतली. पाठमोऱ्याच बोलत होत्या. शेजारच्या भरे गावात एक खोली बघितलीय. खोलीवाला शेळ्या ठेवू देत नाही, त्यामुळे शेळ्या विकायच्या. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. मला हुंदका आला, आवरता आला नाही. त्यांनी कणकेचे हात तसेच बाजूला धरून कोपर माझ्या पाठीला लावलं.
"आवो, तुमी का रडताय? तुमी लई केलं आमच्यासाठी. आमच्याच नशिबात न्हाई."

५ ऑगस्ट
उत्तराचा कागद सु. नी माझ्याकडेच ठेवलाय. शेडमध्ये गळतं, भिजेल म्हणून.
ऑफिसला आजारी आहे असं कळवलं. सकाळपासून नवा अर्ज लिहायला बसले आहे. चार प्रश्नांतले तीन लिहून झाले. चौथा, दोन्ही नकाशे कोणी तयार केले. त्याचं उत्तर मिळालं तर त्यांच्या हातात माझं नाव पडेल, आणि ते त्या मलाच वाचायला आणून देतील.
साडेपाचला त्या पोळ्यांना येतात. आत्ता पाच वाजलेत.