उलटा हात

साहेब, तुम्हाला हे आवडणार नाही, पण आज मी पुन्हा घाबरले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, मी तुमच्याच खुर्चीवर बसते. तरी संध्याकाळपासून हा कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. उद्या सकाळी आणे गावच्या पठारावर तुटलेली तार जोडायला वायरमन खांबावर चढणार आहे, आणि लाइन बंद आहे हा शब्द त्याला मी नाही, आमचा नवा ज्युनियर इंजिनिअर देणार आहे. माझी बदली झाली आहे. मी गेल्यावर इथली माणसं त्याच्याच शब्दावर चढतील. पोरगा हुशार आहे, पण बोलतो तोंडातल्या तोंडात. आज दुपारी सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनींबद्दल मी विचारलं, "उद्या कुठला फीडर बंद ठेवायचा?" तर टेबलाकडे बघत म्हणाला, "बहुतेक आण्याचा, मॅडम."

हाच शब्द मी तुमच्यासमोर उच्चारला होता. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. मढच्या बाजूला वळवाच्या वाऱ्याने खांब वाकले होते आणि तारेचं तुटकं टोक बांधावर लोंबत होतं. वायरमन कमरेला पट्टा आवळून तयार. तुम्ही विचारता, "लाइन बंद हाय का?" आणि मी स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणते, "बहुतेक, साहेब." तुम्ही आवाज चढवला नाहीत, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "मानूस खांबावर बहुतेक चढत नाय, पोरी. पुरता चढतो." मला परत गावात पिटाळलंत. सबस्टेशनला फोन लावून, ऑपरेटरकडून माझेच शब्द पुन्हा वदवून घेऊन मी धापा टाकत आले. तोवर तुम्ही साखळीचं एक टोक जमिनीत रोवून दुसरं तारेला अडकवून ठेवलं होतं, चुकून वीज आलीच तर मातीत जावी म्हणून. "आता सांग. माझ्याकडं नको बघू, चढनाऱ्याकडं बघून सांग." मी सांगितलं. आवाज फाटला, पण सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "आता हात. ज्याचा शब्द, त्याचा हात आदी. उलटा लाव. सुलटा लावला आन् करंट असला, तर मूठ मिटती, सुटत नाय." मी हाताची मागची बाजू तारेला टेकवली. उन्हाने तापलेली तार, एवढंच काय ते. वायरमन म्हणाला, "म्याडमनं हात लावला, चला," आणि चढला.

पेठजवळचा तो दिवस तुम्हाला मी सांगितला होता, पण अर्धाच. भर लग्नसराई, तुम्ही मीटिंगला पुण्याला गेलेले. वायरमन वर चढलाय, तुटक्या तारेचं टोक खाली लोंबतंय, आणि रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानातले शेठ हात करून मला बोलावतायत, कारण ज्या फोनवरून मी लाइन बंद करून घेतली होती, त्यावर सबस्टेशनचा फोन आलाय. ऑपरेटरचा आवाज कापतोय. "म्याडम, वऱ्हाडाची मान्सं आत घुसल्यात. म्हनत्यात, पोलवरचा मानूस उतरलाय, चालू कर." तेवढ्यात कोणीतरी फोन हिसकावून घेतला. "ताई, नवरदेव घामानं भिजलाय. पाच मिनटं द्या की. आमी काय परकं हाय का?" गोड बोलत होता, आणि मागे गलका वाढत होता. शेठ तराजू हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "भाऊ, माझा माणूस खांबावर आहे. मी आता जाऊन त्याच तारेला हात लावून उभी राहते. ऑपरेटरला फोन द्या." मग ऑपरेटरला म्हटलं, मी काय बोलले ते परत सांगा. मग तो म्हणाला, "मानूस वर हाय. तुमचा हात तारंला हाय. चालू करायची न्हाई."

बोलून बसले होते, म्हणून जावं लागलं. वायरमनला उतरा म्हणून ओरडले आणि त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत तारेला हात लावून उभी राहिले. साखळी जोडलेली होती, हे मला पक्कं माहीत होतं. पण भीतीला पुस्तक वाचता येत नाही. तो उतरून विचारतो, "म्याडम, तुमी का वो हात लावून हुब्या? काय झालं का?" मी म्हटलं, काही नाही, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही डब्यातली भाकरी मोडत एवढंच म्हणालात, "परत वदवून घेतलंस ना? बास." मी रडले होते, ते सांगायचं राहून गेलं.

परवा पुण्यात नव्या इंजिनिअरांसाठी नेतृत्व आणि संवादकौशल्याचा वर्ग होता. पडद्यावर छान छान चित्रं होती. मला चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, अनुभवाने भीती जाते. टाळ्या पडल्या. आमचा पोरगा दुसऱ्या रांगेत बसून लिहून घेत होता. साहेब, भीती गेलेली नाही, वाढलीय. म्हणून आजवर एकाही ज्युनियरला मी तारेला आधी हात लावू दिला नाही. दरवेळी मीच पुढे झाले. लोक त्याला माझं धाडस म्हणतात. आता मी जाणार, आणि त्या पोराचा हात अजून कोरा आहे.

हा कागद मी घडी करून हातमोज्यांच्या पिशवीत ठेवणार आहे. त्याआधी एक गोष्ट सांगते, जी तुम्ही असताना कधी बोलले नाही. मढला तुम्ही मला चढणाऱ्याकडे बघायला लावलंत, तेव्हा मी बघत होते त्याच्याकडेच. पण तुमचा उलटा हात हळूच तारेला लागून मागे आलेला मला दिसला होता. माझ्या आधी. तो थरथरत होता, साहेब. तो पाहिला म्हणूनच मी माझा हात पुढे केला. उद्या पोरगा वायरमनकडे बघून बोलेल, तेव्हा मीही तारेशेजारीच उभी असेन, त्याच्या आधी हळूच उलटा हात लावायला. त्याने पाहिलं, तर पाहू दे.