बाबांनी पाहुणे घरी आणले

प्रिय क्लेटन,

सरोवरावर थंडी वाढली असेल. बोटीवर लोकरीचे मोजे घालतोस ना? इकडे सगळं ठीक आहे. सफरचंदं उतरवून झाली. बाबा नीट जेवतात.

संग्रहालयातर्फे पाहुण्यांना गाव दाखवायचं त्यांचं काम चालूच होतं. मंगळवारी मात्र जुनी गिरणी आणि मिसिसिपीचा धक्का दाखवून त्यांनी अख्खी बस आपल्या घरी आणली! मी बटाटे सोलत होते. बघते तर स्वयंपाकघरात ही गर्दी, आणि बाबा सांगताहेत, "नॉर्वेहून आल्यावर माझ्या आजोबांनी पहिली चूल इथेच मांडली."

मी ओशाळले, पण सगळ्यांना कॉफी आणि ॲपल पाय दिला. संग्रहालयाच्या मार्लीसबाई धावतपळत आल्या. म्हणाल्या, "राहू दे गं, याहून छान सहल आमची कधी झाली नाही." जाताना मात्र त्यांनी बाबांकडून संग्रहालयाची किल्ली गोड बोलून मागून घेतली. तेव्हापासून बाबा घरभर येरझारा घालतात आणि त्यांच्यामागे मी.

एक सांगायचं राहिलं. पाहुण्यांपैकी एकीने विचारलं होतं, "या कोण?" बाबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "गावात नव्या आल्यात," ते म्हणाले. "फार चांगल्या बाई आहेत. यांना एकटं वाटू देऊ नका."

मी हसले. तू काळजी करू नकोस. नाताळाआधी सुटी मिळते का, तेवढं बघ. बंदरात पोचलास की फोन कर, आणि आधी त्यांच्याशी बोल. तुझं नाव अजून त्यांच्या तोंडी आहे.

वाट बघणारी तुझी बहीण,
वेल्डा