हात न धुता

गडमुडशिंगी,
१४ नोव्हेंबर २००५

प्रिय दानू,

आक्का रोज सकाळी डबा घेऊन कुठं जाते, असं तू फोनवर विचारलंस आणि तुझ्या दाजींनी लाजेखातर शिवणक्लास सांगून टाकला. सुईत दोरा ओवायलाही मी दुसऱ्याला हाक मारते, तुला पटलं तरी कसं? मी कोल्हापुरात मनाच्या आजारावरच्या केंद्रात जाते. दिवसभर उपचार, संध्याकाळी घरी. आजाराला ओसीडी म्हणतात. एकच शंका डोक्यात घुसते, ती घालवायला एकच काम पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि केलं की शंका पुन्हा ताजी होते.

माझी शंका तुला ठाऊक आहे. गळ्यातल्या इष्टलिंगाला खरकटा हात लागला असेल, म्हणून परत आंघोळ, परत पूजा. पूजेशिवाय घास घ्यायचा नाही, त्यामुळे दुपार टळून जायची. तळहातांची सालं निघायची. आणि आपली माणसं काय म्हणाली? जंगमस्वामी भर पंगतीत म्हणाले, “अशी शिवपूजा आमालाबी जमत न्हाय की!” सासूबाईंनी ते गल्लीभर सांगितलं. जिचं एवढं कौतुक, तिला डॉक्टरकडे कोण नेणार? मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचंच सोडलं, तेव्हा कुठं हे मला घेऊन गेले.

तिथं गोळ्या देतात. सुरुवातीला त्यांनी नुसती झोप येते. पण खरं काम वेगळंच. तिथल्या उपचार करणाऱ्या मॅडम संडासाच्या कडीला हात लावायला सांगतात आणि मग हात धुऊ देत नाहीत. नुसतं बसायचं. छाती धडधडते, रडू येतं, मॅडमचा संताप येतो. पहिल्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या म्हणाल्या, “बोला, पण बसून बोला.” बऱ्याच वेळानं भीती आपोआप उतरते, हात न धुता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्या शेजारी एक रिटायर मास्तर असतात, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांना घराचं कुलूप सारखं ओढून बघावं लागतं. आम्ही दोघं एकमेकांना रडताना बघतो आणि मग डबा खातो.

दाजींनाही बोलावून शिकवलं. माझा हात स्वच्छ आहे ना, असं मी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. बिचारे तोंड फिरवून बसतात. “मला इचारू नगंस, मॅडमनी सांगितलंय.” मला त्यांची कीव येते आणि रागही येतो.

दमते गं फार. परत येताना बसच्या खिडकीला डोकं टेकते, ती कुणाकुणाची डोकी लागलेली काच, आणि तेही मुद्दाम. आजार गेलेला नाही. कदाचित पुरता जाणारही नाही. पण परवा आंघोळ एकदाच केली, पूजा एकदाच केली आणि सगळ्यांबरोबर पानावर बसले. भाजी कसली होती ते मात्र सांगता येणार नाही.

हे सगळं लिहितेय ते तुझ्या रक्षितासाठी. दिवाळीत तुझ्याकडे पेठ वडगावला आले, तेव्हा पोर पूजेला बसली, उठली, न्हाणीत गेली, परत बसली, परत उठली. तू कौतुकानं म्हणालीस, “आक्कावर गेलीया.” दानू, मी तिचे तळहात बघितले. तूही आज बघ. तिला माझ्याकडे घेऊन ये, मी तिला केंद्रात नेते. पूजा सोडायला कुणी सांगत नाही, हे तिला आधी सांग. पोर घाबरेल, रडेल, तुझ्यावरही चिडेल. चिडू दे. त्या कडीला आधी मी हात लावीन, मग ती लावील, आणि हात न धुता आम्ही दोघी शेजारी बसून राहू.

तुझीच थकलेली,
शिवगंगाआक्का