बारा कागदांवरच्या राहीबाई

२ फेब्रुवारी २००४, सोमवार

शी! जाऊन आले एकदाची त्या अ‍ॅनिमेशन क्लासला. महाड स्टँडजवळ मोबाईलच्या दुकानावर दोन खोल्या, सहा कॉम्प्युटर आणि सेंट फवारलेले सर. हाताने काढायचं टूडी घ्यायचं की कॉम्प्युटरवरचं थ्रीडी, शनिवारपर्यंत फॉर्म द्यायचा. मग वर्षभर बदल नाही.

"टूडी मेलं. कागदावर गिरवत बसायचे दिवस गेले," म्हणे. पडद्यावर एक बाई चालवून दाखवली. डोक्यावर हंडा ठेवला तरी तीच चाल, काढला तरी तीच! मी विचारलं, ओझ्याने मान ताठ नाही का होणार? "चाल तयार मिळते, मॅडम. आपण कशाला डोकं चालवायचं?" सगळी पोरं हसली. किळस आली.

३ फेब्रुवारी

बाबा मास्तर, त्यामुळे घरातही निकाल तेच लावतात. "चित्रं तू अशीही काढतेसच की. शिकायचं तर थ्रीडी." आईने मान डोलावली. तिचीही चीड येते.

४ फेब्रुवारी

राहीबाई उमरठहून वालाच्या शेंगा विकायला येतात. आज त्यांना अंगणात चालायला लावलं, डोक्यावरच्या पाटीसकट. एकदा नाही, दहा वेळा! मी पायरीवर बसून भराभर रेघा ओढत होते. "मला बघायला पावनं आल्यात काय गो?" म्हणाल्या, हसल्या, पदर सारखा केला.

गेल्या वर्षी मला बघायला आलेल्यांनीही "जरा चालून दाखव" म्हटलं होतं. तेव्हा केवढी भडकले होते मी! आज तेच केलं की.

५ फेब्रुवारी

खिडकीच्या काचेवर कागद धरून बारा चित्रं पुरी केली. गड्डी हातात धरून फर्रकन उलटली — चालल्या! राहीबाई चालल्या! टूडीच.

६ फेब्रुवारी

गड्डी सरांना दाखवायची दुर्बुद्धी झाली. त्यांनी दोनदा उलटली आणि पोरांना हाक मारली. "बघा रे, मॅडमची बाई लंगडते!"

खरंच. डावा पाय टेकला की पाटी कलते. पाचव्या कागदापासून आठव्यापर्यंत. एवढी ढोबळ चूक आणि मला दिसली नाही! "हाताचं काम असंच असतं. कॉम्प्युटर चुकत नाही." सरांची किळस येत होती, त्याहून जास्त स्वतःची.

घरी येऊन ते चार कागद खोडले, पाय सरळ केला. आता राहीबाई सरांच्या हंडेवालीसारख्या चालतात, गुळगुळीत. बघवत नाही.

७ फेब्रुवारी

थ्रीडीचा फॉर्म दिला. बाबांनी पेढे आणले. मी एकालाही हात लावला नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

शेंगांची पाटी घेऊन आज राहीबाईंची सून आली. "सासू नाय येणार. डाव्या पायात काटा मोडलेला, म्हयना झाला. आत पिकलाय. काल पोलादपूरला दवाखान्यात नेली. कुणाला बोलली पण नाय गो!"

म्हणजे ते लंगडणं माझी चूक नव्हतीच. आणि मी त्यांना दहा वेळा चालवलं.

आत्ता पोलादपूरला निघाले आहे. उद्या क्लास दहाला उघडतो. मी साडेनवालाच दारात उभी राहीन. थ्रीडीचा फॉर्म परत नाही दिला तर सरांच्या हातातून ओढून घेईन.