बरणी रिकामी करू नका

मल्लेश्वरम, बंगळूर
१२ जानेवारी १९९६

तीर्थरूप अण्णांस, संहिताचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. घरमालकीण वसुमतीअक्का मला जेवल्याशिवाय बाहेर पडू देत नाहीत. आईची धाप कशी आहे? चेहरा अजून तसाच भरलेला दिसतो का? दिवाळीत मला वाटले, चांगले अंग धरले.

फोन शेजाऱ्यांकडे येतो आणि हे चारचौघांत बोलण्यासारखे नाही, म्हणून मिरजेला निघालेल्या माझ्या सहकारी शंतनूच्या हाती पत्र देते. फिरत्या व्यापाऱ्याकडून तुम्ही घेतलेले दम्याचे चूर्ण मी आमच्या प्रयोगशाळेत तपासले. त्यात स्टेरॉइड मिसळले आहे; त्यानेच धाप झटकन बसते आणि चेहराही असा सुजतो. पुन्हा तपासले, तरी तेच. "गुण फार झटकन आला तर आधी औषधावर संशय घ्यावा," हे तुम्हीच मला खलापाशी बसवून शिकवलेत. नवे औषध आधी घरच्यांनी घ्यायचे हा आपला नियम, म्हणून आई ते सर्वांत जास्त दिवस घेते आहे.

अण्णा, हे वाचताच तुम्ही बरणी उकिरड्यावर ओताल. तेवढे करू नका. इतके दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळाल्यामुळे आईच्या शरीराने ते स्वतः बनवणे सोडले असेल. एकदम बंद केले तर जिवावर बेतेल. तिला बरणीसकट मिरजेच्या डॉक्टरांकडे न्या, ते हळूहळू कमी करतील. ज्या रोग्यांना दिलेत, त्यांनाही हाच निरोप धाडा. नव्या कोणाला देऊ नका.

डॉक्टर सांगेपर्यंत आईची पुडी तुम्हीच बांधायची आहे. तुम्हाला ते किती जड जाईल, जाणते. तरी द्या.

तुमची
संहिता